बर्फ वितळतो, साखर विरघळते

डिसेंबर लागला की ऑस्ट्रियात आणि दक्षिण जर्मनीत घरोघरी पत्र्याचे डबे खाली काढले जातात. आपल्याकडे दिवाळीच्या आठवडाभर आधी चकलीचा पहिला घाणा उतरतो, तशी तिथे नाताळच्या तीन-चार आठवडे आधीपासून कुकीज भाजायला सुरुवात होते. एका प्रकारावर भागत नाही. पाच-सात प्रकार हवेत, प्रत्येकाचा डबा वेगळा हवा, आणि शेजारीपाजारी वाटायला त्यातलं थोडं बाजूला काढलेलं हवं. या डब्यांत एक हमखास असतो तो ‘व्हॅनिला किप्फर्ल’चा. लोणी, मैदा आणि बदामाची किंवा अक्रोडाची पूड मळून केलेल्या, बोटाएवढ्या चंद्रकोरी. १६८३ मध्ये तुर्कांचा व्हिएन्नाचा वेढा उठला, त्याची आठवण म्हणून हा आकार आला अशी गोष्ट तिथे सांगतात. गोष्ट झकास आहे, पण चंद्रकोरीसारखा पाव ऑस्ट्रियात त्या वेढ्याच्या कितीतरी आधीपासून होत होता.

किप्फर्लची खरी परीक्षा ओव्हनमधून ताटली बाहेर आल्यावर सुरू होते. त्या क्षणी चंद्रकोर इतकी ठिसूळ असते की हात लावला तर तुटते. तशात तिच्यावर पिठीसाखर टाकली, तर साखरेचा पांढरा रंग जाऊन तुपकट लेप होतो. उलट पूर्ण गार होऊ दिली, तर साखर चिकटतच नाही, घरंगळून खाली पडते. म्हणून दोन-चार मिनिटं थांबायचं, चंद्रकोर कोमट असताना व्हॅनिलाच्या पिठीसाखरेत अलगद घोळवायची आणि गार झाल्यावर चाळणीतून दुसऱ्यांदा साखर भुरभुरायची. पहिला थर धरून ठेवायला, दुसरा दिसायला.

पहिला थर गेला की आपण सहज म्हणतो, ‘साखर वितळली.’ मराठीत यासाठी दोन वेगळी क्रियापदं आहेत आणि इथे त्यांच्यातला फरक फार उपयोगी पडतो. वितळायला उष्णता लागते, विरघळायला पाणी लागतं. साखर वितळते ती साधारण १८६ अंश सेल्सिअसला. ओव्हनमधून काढून दोन-चार मिनिटं झालेली कुकी एवढी तापलेली नसते. तिच्यातून निघणारी वाफ आणि पृष्ठभागावरचा ओलावा साखरेला गाठतो आणि साखर विरघळते. पातळ झालेलं लोणी तिला भिजवतं, त्यानेही ती पारदर्शक दिसू लागते. नाताळच्या कुकीजवरची सगळी सजावट, मग ती बर्फासारखी भुरभुर असो, टणक नक्षी असो की भेगाळलेली पांढरी साल असो, या एका प्रश्नाभोवती फिरते: साखरेला पाणी किती भेटू द्यायचं, आणि कधी?

आधी तिचा पांढरेपणा पाहू. खडीसाखरेचा मोठा खडा उजेडात धरला तर तो काचेसारखा दिसतो, कारण साखर मुळात पांढरी नसतेच, ती पारदर्शक असते. काच फुटून तिचा चुरा झाला की तो पांढरा दिसतो, तसंच साखरेचं होतं. प्रत्येक कणाच्या कडेवर, जिथे साखर संपून हवा सुरू होते तिथे, प्रकाश थोडा वळतो, थोडा परततो. असे लाखो कण एकावर एक असले की प्रकाश सगळ्या दिशांना विखुरतो आणि आपल्याला पांढरं दिसतं. भुसभुशीत बर्फही नेमका याच कारणाने पांढरा दिसतो. त्यामुळे कुकीवरच्या साखरेला ‘बर्फ’ म्हणणं ही नुसती उपमा नाही, दोन्हीकडे प्रकाशाचा खेळ एकच आहे. दाण्यांमधल्या हवेची जागा पाण्याने किंवा तुपाने घेतली की त्या कडा प्रकाशाला जवळजवळ दिसेनाशा होतात. पांढरं जातं, करडा डाग उरतो. ओलसर कुकीवर रात्रभरात पडणारे डाग हेच असतात.

आता ‘पिठीसाखर’ हा शब्द. साखर आली संस्कृत ‘शर्करा’वरून, आणि शर्करेचा जुना अर्थ खडा, वाळू, रेव. म्हणजे पिठीसाखर म्हणजे रेवेचं पीठ! दळण्याने काय होतं त्याचा हिशेब सोपा आहे. एक मिलिमीटरचा दाणा दळून ५० मायक्रोमीटरचे कण केले, तर प्रत्येक बाजू २० पट लहान होते. एका दाण्याचे ८,००० कण होतात आणि त्यांचं एकूण पृष्ठफळ २० पट वाढतं. जिभेला खर लागत नाही, तोंडात टाकताच विरघळते, हे झाले फायदे. पण हवेतला ओलावा धरायलाही तेवढीच जास्त जागा मिळते. शिवाय दळताना कणांच्या पृष्ठभागावरची स्फटिकांची शिस्त थोडी मोडते. तो मोडलेला भाग ओलावा ओढून घेतो आणि पुन्हा स्फटिक बनताना शेजारच्या कणाला धरून बसतो. पिठीसाखरेच्या डब्यातल्या गाठी अशा होतात.

गाठी होऊ नयेत म्हणून कारखान्यात दळलेल्या साखरेत थोडा स्टार्च मिसळतात. अमेरिकेत तो बहुधा मक्याचा, म्हणजे आपलं कॉर्नफ्लोअर, सुमारे तीन टक्के. ही युक्ती आजची नाही. एलिझाबेथ रॅफल्ड या इंग्लंडमधल्या बाईंनी १७६९ मध्ये छापलेल्या पाकपुस्तकात लग्नाच्या केकवरच्या साखरेची कृती आहे. दोन पौंड शुभ्र साखर दोन औंस बारीक स्टार्चबरोबर कुटायची, जाळीच्या कापडातून चाळायची, पाच अंड्यांचा पांढरा भाग अर्धा तास फेटायचा आणि त्यात ती साखर थोडी थोडी घालून आणखी फेटायचं. तेव्हा साखर दुकानात पूड होऊन मिळत नसे. शंकूच्या आकाराची टणक ढेप विकत आणायची, अडकित्त्यासारख्या चिमट्याने फोडायची, खलबत्त्यात कुटायची. पांढरीशुभ्र कुकी घरात आली म्हणजे त्यामागे कोणाचे तरी हात दुखलेले असत, आणि घरात बऱ्यापैकी पैसाही असे.

पैशाचा भाग सुटला तो बिटामुळे. १७४७ मध्ये बर्लिनच्या आंद्रेआस मारग्राफने दाखवून दिलं की उसातली साखर बिटातही असते. त्याचा शिष्य फ्रान्झ आखार्ट याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सायलेशियात बिटापासून साखर काढण्याचा कारखाना उभा केला. मध्य युरोपात ऊस पिकत नाही, बीट मात्र भरपूर पिकतं, आणि ते निघतं शरद ऋतूत. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम तिथेही थंडीच्या तोंडावरच असतो. एकोणिसाव्या शतकात साखर स्वस्त झाली आणि श्रीमंतांच्या टेबलावरचा हा पांढरा थाट सामान्य घरांच्या डब्यांत उतरला.

‘कुकी’ हा शब्द डच ‘कुक्ये’, म्हणजे ‘छोटा केक’, यावरून अमेरिकेत रुळला. अमेलिया सिमन्स यांच्या १७९६ च्या ‘अमेरिकन कुकरी’ या पुस्तकात नाताळच्या कुकीची कृती आहे. तीन पौंड मैद्यात त्यांनी चहाचा कपभर धणेपूड घातली आहे! शिवाय सल्ला असा की भाजल्यावर कडक लागल्या तर मातीच्या भांड्यात घालून ओलसर जागी ठेवा, सहा महिन्यांनी अधिक मऊ आणि चांगल्या लागतील. अशा कुकीवर पिठीसाखर भुरभुरून ठेवली असती, तर दुसऱ्या दिवशी तिचा मागमूस राहिला नसता.

भुरभुरलेली साखर टिकवायची तर पाणी लांब ठेवायला हवं. त्यासाठी जुना उपाय म्हणजे लोणी. जर्मनीतल्या ड्रेस्डेनचा नाताळचा ‘श्टोलेन’ हा गोड पाव याचा नमुना आहे. पूर्वी नाताळपूर्वीच्या उपवासाच्या दिवसांत तिथे लोणी चालत नसे. सॅक्सनीच्या राजघराण्याने पोपकडे सवलत मागितली आणि १४९१ मध्ये पोप इनोसंट आठवे यांनी ती दिली. ते फर्मान ‘लोण्याचं पत्र’ म्हणून प्रसिद्ध आहे. आज श्टोलेन भाजून झाला की त्याच्यावर वितळलेलं लोणी चोपडतात आणि मग साखरेचा जाड थर देतात. दुपट्यात गुंडाळलेलं येशूबाळ, असं त्या पांढऱ्या लांबोड्या पावाकडे पाहून म्हणतात. लोण्याचा थर आतला ओलावा साखरेपर्यंत सहजासहजी पोचू देत नाही. ग्रीसमधल्या ‘कुराबिएदेस’मध्ये तर लोणी एवढं असतं आणि पाणी इतकं कमी, की साखरेच्या ढिगात पुरलेल्या या कुकीज कित्येक दिवस पांढऱ्याच्या पांढऱ्या राहतात. खाताना एक पथ्य मात्र पाळावं लागतं: घास घेताना श्वास आत ओढायचा नाही आणि हसायचं तर अजिबात नाही. नाहीतर ठसका लागतो आणि समोरच्याच्या कोटावरही नाताळ साजरा होतो.

बेकरीवाले यावर आणखी एक उपाय करतात. त्यांच्याकडे न विरघळणारी ‘स्नो शुगर’ असते. तिच्यात नेहमीच्या साखरेऐवजी बहुधा डेक्स्ट्रोज, म्हणजे ग्लुकोज असतं आणि त्याच्या कणांवर वनस्पती तुपाचा सूक्ष्म थर दिलेला असतो. डेक्स्ट्रोज विरघळताना आसपासची उष्णता शोषून घेतं, म्हणून जिभेवर किंचित गार लागतं. या खोट्या बर्फात गारवा तेवढा खरा!

दुसरी तऱ्हा याच्या अगदी उलट आहे. साखरेला पाणी मुद्दाम द्यायचं आणि मग ते काढून घ्यायचं. झाडं, तारे, घंटा अशा आकारांच्या कुकीजवर जी टणक, गुळगुळीत, रंगीत नक्षी दिसते ती ‘रॉयल आयसिंग’ची: पिठीसाखर आणि अंड्याचा पांढरा भाग. ५०० ग्रॅम साखरेला साधारण तीन अंड्यांचा पांढरा भाग, म्हणजे ९०-१०० ग्रॅम. त्यात पाणी सुमारे ८५ ग्रॅम. घरच्या तापमानाला एक ग्रॅम पाणी सुमारे दोन ग्रॅम साखर विरघळवतं. म्हणजे या सगळ्या पाण्यात जेमतेम १७० ग्रॅम साखर मुरली, बाकीची ३३० ग्रॅम सूक्ष्म कणांच्या रूपात तशीच तरंगत राहिली. आयसिंग म्हणजे पाक नाही. तो पाकात कालवलेला साखरेचा चिखल आहे.

हा हिशेब लक्षात आला की नवशिक्यांना छळणारं एक कोडं सुटतं: चमचाभर पाणी जास्त पडलं तर सगळं आयसिंग एकदम पातळ का होतं? कारण ५ ग्रॅम पाणी स्वतःबरोबर १० ग्रॅम साखर चिखलातून काढून पाकात घेतं. द्रव वाढतो, घन घटतो, दोन्ही एकदम. म्हणून अनुभवी माणसं पाणी चमच्याने न घालता थेंबाथेंबाने घालतात आणि रंगही पातळ न घेता जेलचा घेतात. दाटपणा मोजायची त्यांची पद्धत साधी आहे. भांड्यातल्या आयसिंगवर सुरी ओढायची आणि पडलेली चीर किती सेकंदांत भरून येते ते मोजायचं. दहा-पंधरा सेकंदांत भरून आली तर ते आत ओतून पसरायला योग्य. चीर तशीच राहिली तर ते कडा काढायला योग्य. आधी दाट आयसिंगने बांध घालायचा, मग पातळ आत सोडायचं. हत्यार म्हणजे बटर पेपरचा कोन. मेंदी काढणाऱ्या हाताला तो नवा वाटणार नाही: दाबला की वाहतो, सोडला की थांबतो. आयसिंगचाही स्वभाव असाच आहे. दाब पडला की ते सैल होतं, दाब गेला की जागच्या जागी बसतं.

सुकताना मात्र त्याचं रूप पालटतं. पाणी उडून जातं, पाकातली साखर स्फटिक होऊन आधीच्या कणांवर बसते आणि एकाला दुसऱ्याशी जोडते. अंड्यातली प्रथिनं फेटताना उलगडलेली असतात, ती या कणांभोवती जाळं विणतात. थर दगडासारखा टणक होतो. लवकर सुकला तर स्फटिक लहान राहतात आणि चकाकी येते, म्हणून हौशी मंडळी कुकीजसमोर पंखा लावून ठेवतात. तुपकटपणा मात्र या कामाचा वैरी. भांड्याला तेलाचा ओशटपणा असला किंवा पिवळ्या बलकाचा थेंब पडला तर फेस धरत नाही, आणि कुकीत लोणी फार असेल तर ते काही दिवसांत वर झिरपून पांढऱ्या नक्षीवर मळकट डाग उमटतात. कच्च्या अंड्यातून साल्मोनेला जिवाणूंचा धोका असतो, म्हणून आता पाश्चरीकृत किंवा वाळवून पूड केलेला पांढरा भाग वापरणं सुरक्षित मानतात. अंडं न खाणाऱ्यांसाठी काबुली चणे शिजवलेलं पाणी आहेच. त्यातली प्रथिनं आणि इतर घटक फेस धरतात आणि आयसिंग बऱ्यापैकी जमतं.

जर्मनीतल्या ‘लेबकुखन’ या मधाच्या, मसाल्याच्या कुकीत लोणी जवळजवळ नसतंच. म्हणून तिच्यावर रॉयल आयसिंग उत्तम टिकतं. इतकं, की त्या आयसिंगचा चुन्यासारखा उपयोग करून भिंती आणि छप्पर जोडतात आणि अख्खं घर उभं करतात. या घरांचं मूळ हॅन्सेल आणि ग्रेटेलच्या गोष्टीत असल्याचं मानतात. गंमत अशी की ग्रिम बंधूंनी १८१२ मध्ये छापलेल्या गोष्टीत चेटकिणीचं घर पावाचं, छप्पर केकचं आणि खिडक्या साखरेच्या होत्या. लेबकुखनची भिंत लोकांनी नंतर चढवली. आणि एंगेलबर्ट हुम्परडिंकचा या कथेवरचा ऑपेरा १८९३ मध्ये नाताळच्या दोन दिवस आधी वायमारला रंगमंचावर आला, तेव्हापासून ते घर नाताळचं होऊन बसलं.

जर्मनीतच ‘त्सिम्टश्टेर्ने’ म्हणजे दालचिनीचे तारे असतात. बदाम, दालचिनी, साखर आणि अंड्याचा पांढरा भाग. वर त्याच पांढऱ्या भागाचं आणि पिठीसाखरेचं आयसिंग, तेही कुकीबरोबरच भाजायचं. पण भाजायचं म्हणजे फक्त सुकवायचं. आच जरा वाढली की शुभ्र तारा पिवळसर पडतो. ताऱ्याच्या प्रत्येक टोकापर्यंत आयसिंग नेणं हे चिकाटीचं काम, आणि ती टोकं पाहूनच करणाऱ्याचा हात ओळखतात.

तिसऱ्या तऱ्हेत साखरच पाणी ओढून घेते. अमेरिकेत ‘क्रिंकल’ कुकी नाताळला हमखास करतात, आणि फिलिपिन्समध्येही ती फार आवडीची आहे. चॉकलेटच्या काळ्या पिठाचा गोळा आधी दाणेदार साखरेत आणि मग पिठीसाखरेत घोळवून भाजायचा. साखर पृष्ठभागातलं पाणी ओढते, ओव्हनच्या आचेने ते उडतं, आणि आतलं पीठ फुगायच्या आधीच वरची साल कोरडी पडते. मग आतून बेकिंग पावडरचा वायू रेटा देतो, साल ताणत नाही, तडकते. पांढऱ्या सालीत काळ्या भेगा. उन्हाळ्यात भेगाळलेलं शेत पाहिलेल्याला हे दृश्य नवं नाही; फरक एवढाच की तिथे माती आक्रसून फाटते आणि इथे आतला गोळा फुगून साल फाडतो. गोळा आधी फ्रिजमध्ये घट्ट केला नाही, तर पीठ ओलसर राहतं आणि पिठीसाखर ओव्हनमध्ये जायच्या आधीच त्यात विरघळून जाते. दाणेदार साखरेचा पहिला थर तिला थोडा आडोसा देतो.

म्हणजे तिन्ही तऱ्हांमध्ये साखर तीच. भुरभुरताना पाणी लांब ठेवायचं, आयसिंगमध्ये ते देऊन काढून घ्यायचं, क्रिंकलमध्ये साखरेलाच ते ओढू द्यायचं. हवेत ओलावा किती यावरही बरंच अवलंबून असतं. स्फटिकरूप साखर हवेची आर्द्रता सुमारे ८५ टक्क्यांपर्यंत असेतो तग धरते. त्यापुढे ती हवेतलंच पाणी घेऊन पाझरू लागते. मध्य युरोपात डिसेंबरमध्ये शेगडी पेटलेल्या घरांतली हवा कोरडी असते, आणि हा सगळा थाट तिथेच वाढला. मुंबईच्या पावसाळ्यात हीच नक्षी करून पाहणाऱ्याला आयसिंग रात्रभर चिकट राहिलेलं दिसतं. दोष हाताचा नसतो. पुण्यात डिसेंबरमध्ये तेच आयसिंग मुकाट्याने सुकतं. घरी मिक्सरमध्ये साखर दळणार असाल, तर ती लाडवाला चालते तशी कोनाला चालत नाही. कपभर साखरेला दोन लहान चमचे कॉर्नफ्लोअर घालून दळा आणि बारीक चाळणीने दोनदा चाळा, नाहीतर एक अख्खा कण कोनाच्या तोंडाशी अडकून बसतो.

गोव्यात आणि वसईत नाताळला कुलकुलं होतात. काट्याच्या पाठीवर वळवलेली, तळलेली, मग घट्ट पाकात घोळवलेली. पाक वाळला की प्रत्येक कुलकुलावर साखरेची खरखरीत साल बसते. आयसिंगचंच सूत्र, अंड्याशिवाय. आणि चिरोटे तर दोन्ही परींनी होतात. काही घरांत पाकात बुडवतात, काही घरांत गरम चिरोट्यावर पिठीसाखर भुरभुरतात. पहिली चिमूट त्या गरम तुपात नाहीशी झाली की थोडं थांबून पुन्हा भुरभुरतात. पहिला थर धरून ठेवायला, दुसरा दिसायला. व्हिएन्नातली आजी किप्फर्लच्या डब्याशेजारी चाळणी का ठेवते आणि पाहुणे टेबलाशी बसल्यावरच शेवटची साखर का भुरभुरते, हे चिरोटे करणाऱ्या हाताला कोणी सांगावं लागणार नाही.